चौथीनंतर कोणती शाळा? जर्मनीतील शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर होती. मुलगा, सून, जावई नोकरीनिमित्त जर्मनीला गेले आहेत किंवा जाण्याच्या बेतात आहेत, आणि मुलांच्या शाळेचे काय करावे हे कुणालाच नीट उमगत नाही. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक असून लातूरला राहतो. माझा मुलगा दोन वर्षांपासून सहकुटुंब म्युनिकला आहे. नात तेथील शाळेत तिसरीत शिकते. चौथी संपताना तिला ‘गिम्नाझियम’मध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, पाठवायचे की आणखी कुठे, हे गुणांवर ठरणार असल्याचे शाळेने सांगितले आहे. गिम्नाझियम हुकले तर मुलीचे डॉक्टर होणे संपले, या धास्तीने मुलगा आणि सूनबाई दोघेही बेचैन आहेत. दहाव्या वर्षी मुलाचे भवितव्य ठरवणे मला पटत नाही. आणि ‘मिटेलशूले’ म्हणजे ढ मुलांची शाळा, असे तिकडची आपली मंडळी म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : आपण आयुष्यभर शाळा चालवलेली असल्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. जर्मनीत शाळेचा प्रकार आणि शाळेतून बाहेर पडताना मिळणारा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलाची धास्ती बरीचशी या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते.

जर्मनीत १६ राज्ये आहेत आणि शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक परिषद १९४८ पासून समन्वयाचे काम करते. तरीही शाळांचे प्रकार, सुट्ट्या, प्रवेशाचे निकष राज्यागणिक बदलतात. प्राथमिक शाळा, म्हणजे ‘ग्रुंडशूले’, बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत असते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीपर्यंत चालते. त्यामुळे बर्लिनच्या नातेवाइकाने दिलेला सल्ला म्युनिकमध्ये उपयोगी पडेलच असे नाही. आपली नात बव्हेरियात आहे, आणि प्रवेशाच्या बाबतीत हे राज्य सर्वांत काटेकोर राज्यांपैकी एक समजले जाते.

तेथील पद्धत अशी. चौथीच्या वर्षात मे महिन्याच्या सुरुवातीला मुलांना एक प्रमाणपत्र मिळते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढलेली असते. जर्मनीत १ ही श्रेणी सर्वोत्तम आणि ६ ही सर्वांत वाईट, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर नातीला गणितात २ मिळाले म्हणून लातुरात चिंता आणि म्युनिकमध्ये पेढे, असा प्रकार होतो. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला पात्र ठरते, २.६६ पर्यंत ‘रेआलशूले’ला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या पातळीच्या शाळेला; बाकीची मुले ‘मिटेलशूले’त जातात. म्हणजे जर्मन २, गणित २ आणि परिसर ३ असेल तर बेरीज ७, सरासरी २.३३, आणि गिम्नाझियमचे दार उघडते. त्याच मुलीला जर्मनमध्ये २ ऐवजी ३ मिळाले तर सरासरी २.६६ होते आणि ती रेआलशूलेच्या रेषेवर येते. एका श्रेणीचा एवढा परिणाम होतो, म्हणून पालक घाबरतात, हे मान्य करायला हवे.

मात्र ही रेषा दिसते तेवढी कडक नाही. सरासरी कमी पडली तरी पालक मुलाला चाचणी-वर्गाला बसवू शकतात. तो तीन दिवसांचा असतो, त्यात जर्मन आणि गणित तपासतात, आणि दोन्हींत ४ मिळाले तरी अंतिम निर्णय पालकांवर सोडला जातो. शिवाय आपल्या नातीसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची अडचण भाषेपुरती आहे व ती पुढे भरून निघेल असे शाळेला वाटल्यास ३.३३ पर्यंतची सरासरीही गिम्नाझियमसाठी ग्राह्य धरता येते. आपल्या मुलाने चौथीची वाट न पाहता आताच वर्गशिक्षिकेला भेटून याविषयी स्पष्टपणे विचारावे. तेथे शिक्षकांच्या भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि भेटीला आलेल्या पालकांचे त्यांना अप्रूप नसते, कौतुकही नसते. ते कामाचे बोलतात.

आता डॉक्टरकीचे. वैद्यकीय प्रवेशाला ‘आबिटूर’ हा सर्वोच्च शालान्त दाखला लागतो आणि त्यात गुणही उत्तम लागतात. परंतु आबिटूर फक्त गिम्नाझियममधूनच मिळतो, असे नाही. रेआलशूलेतून दहावी उत्तम श्रेणीत झालेली मुलगी एका जोडवर्षानंतर गिम्नाझियमच्या वरच्या वर्गात जाऊ शकते, किंवा ‘फाखओबरशूले’मध्ये अकरावी-बारावी करून तेरावीला बसू शकते, आणि तेरावीसोबत दुसरी परकीय भाषा असेल तर पूर्ण आबिटूर हाती येतो. मिटेलशूलेतही हुशार मुलांसाठी वेगळी तुकडी असते, जिच्यातून रेआलशूलेसारखाच दहावीचा मध्यम दाखला मिळतो. नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी संध्याकाळची गिम्नाझियमे आहेत. एवढेच काय, कारागिरीत ‘माइस्टर’ ही पदवी मिळवलेल्या माणसाला २००९ पासून आबिटूरशिवायही विद्यापीठात प्रवेशाचा हक्क आहे.

तेव्हा मिटेलशूलेला ढ मुलांची शाळा म्हणणे चुकीचे आहे; मात्र तिला प्रतिष्ठा कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला मूळ आक्षेपही रास्त आहे. २००० सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल २००१ च्या डिसेंबरात आले, तेव्हा मुलाचे यश घरच्या परिस्थितीवर किती अवलंबून आहे हे पाहून खुद्द जर्मनांनाच धक्का बसला होता, आणि इतक्या लहान वयात मुलांची विभागणी करावी का, हा वाद तेथे आजही शमलेला नाही. याच वादातून अनेक राज्यांत सर्व दाखले एकाच छताखाली देणाऱ्या शाळा निघाल्या. कुठे त्यांना ‘गेझाम्टशूले’ म्हणतात, हॅम्बुर्गमध्ये ‘श्टाटटाइलशूले’.

एक विनंती. लातूर पॅटर्नमध्ये आपण मुलांना शांत बसून लिहायला शिकवतो, आणि त्याचे निकालही आपल्यासमोर आहेत. जर्मन शाळेत वर्गात हात वर करून बोलण्याला, शंका विचारण्याला, गटात काम करण्याला श्रेणीत वजन असते. घरी शिकवणी लावण्याऐवजी नातीने शेजारच्या जर्मन मैत्रिणीकडे खेळायला जावे, यातून तिची जर्मनची श्रेणी अधिक सुधारेल, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतो. यजमानांची बदली पुढच्या वर्षी श्टुटगार्टला होत आहे. मुलगा आता नववीत, सेमी-इंग्रजी माध्यमात आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की त्याने येथेच आजी-आजोबांकडे राहून दहावी करावी आणि मग यावे. त्याची वर्षे वाया जातील का?

उत्तर : ताई, वयाच्या दृष्टीने आपल्या मुलाचे प्रकरण सर्वांत अवघड आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तेथे जर्मन न येणाऱ्या मुलांना प्रथम तयारीच्या वर्गात घेतात. तेथे भाषा शिकता शिकता गणित, खेळ, संगीत अशा विषयांना ते नेहमीच्या वर्गात बसू लागतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी असे वर्ग बहुधा व्यावसायिक शाळांत असतात. थेट गिम्नाझियमच्या नववी-दहावीत प्रवेश मिळणे दुर्मीळ आहे, कारण जर्मन तर लागतेच, शिवाय इंग्रजीखेरीज दुसरी परकीय भाषा तेथील मुले सहावीपासून शिकत आलेली असतात. एखादे वर्ष मागे जाणे जवळजवळ ठरलेले आहे, आणि त्याला वाया गेलेले वर्ष समजू नये. तेथे एका वर्गात दोन वर्षे बसलेली मुले पुष्कळ असतात आणि त्याचा गवगवा कुणी करत नाही.

या राज्यात ‘बेरूफ्लिशेस गिम्नाझियम’ नावाची तीन वर्षांची शाळा असते, अकरावी ते तेरावी, आणि तिच्यात तंत्रज्ञान, अर्थशास्त्र, अन्नशास्त्र असे गट असतात. दहावीचा मध्यम दाखला चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या मुलांना तेथे प्रवेश मिळतो, दुसरी परकीय भाषा तेथे अगदी पहिल्या धड्यापासून सुरू करता येते, आणि शेवटी मिळतो तो पूर्ण आबिटूरच. या राज्यात आबिटूर होणाऱ्या मुलांचा मोठा वाटा या शाळांतून येतो. उशिरा पोहोचलेल्या आणि गणित चांगले असलेल्या मुलासाठी याहून सोयीची वाट मला दिसत नाही. इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा हा पर्याय आहे खरा, पण तिची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. कंपनी ती भरणार असेल तरच विचार करावा, आणि कंपनीशी याबद्दल बोलणे बदलीच्या कागदावर सही होण्याआधी करावे.

दहावी येथेच करण्याविषयी सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु मी तो सल्ला देणार नाही. मुलाने सोळा वर्षे पूर्ण केल्यानंतर पालकांच्या मागाहून जायचे ठरवल्यास व्हिसासाठी वरच्या पातळीचे जर्मन मागितले जाऊ शकते. ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा परवाना, असलेल्यांच्या मुलांना त्यातून सूट आहे, म्हणून यजमानांना कोणता परवाना मिळणार आहे, हे आधी पाहावे. व्हिसा सुटला तरी भाषा सुटत नाही. पंधराव्या वर्षी शिकलेली भाषा सतराव्या वर्षी शिकलेल्या भाषेपेक्षा अधिक पक्की बसते, आणि तेथे सगळे दाखले भाषेवर अडतात. आपल्या हातात वर्षभराचा वेळ आहे. त्या वर्षात संभाजीनगरला किंवा ऑनलाइन वर्ग लावून तो ए-२ पातळीपर्यंत (ए-१ ते सी-२ अशा सहा भाषापातळ्यांतील दुसरी) आला, तर तयारीच्या वर्गातला काळ कमी होईल. नववीचे प्रगतिपुस्तक, मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद यांची प्रमाणित जर्मन भाषांतरे सोबत न्यावीत. गोवराची लस घेतल्याचा पुरावा शाळेत दाखवणे तेथे २०२० पासून सक्तीचे आहे, आणि आपल्याकडची जुनी लसीकरण कार्डे ऐन वेळी सापडत नाहीत.

प्रश्न : माझी दोन्ही नातवंडे न्युरेम्बर्गला असतात. दिवाळीला आणि मे महिन्यातल्या लग्नसराईला त्यांना पंधरा दिवस अंबाजोगाईला बोलावले तर मुलगा म्हणतो, शाळा सोडत नाही, दंड होतो. दोन आठवडे घरी अभ्यास करून घेतला तर काय बिघडते? तेथे घरी शिकवणे चालत नाही का?

उत्तर : आपला मुलगा सबब सांगत नाही, आजी. शाळेत प्रत्यक्ष हजर राहण्याची सक्ती जर्मनीत १९१९ च्या वायमार राज्यघटनेपासून आहे आणि घरी शिकवण्याची मुभा जवळजवळ कुणालाच मिळत नाही. एका कुटुंबाने याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत दाद मागितली होती, ती २००६ मध्ये फेटाळली गेली. सुट्टीला जोडून मुलांना आधीच विमानात बसवणाऱ्या पालकांना बव्हेरियातील विमानतळांवर पोलिसांनी हटकल्याचे प्रकार घडलेले आहेत. धार्मिक सणासाठी एखाद्या दिवसाची रजा मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून मिळू शकते, पंधरा दिवसांची मिळत नाही.

मात्र न्युरेम्बर्गच्या शाळांना मे अखेर ते जूनच्या सुरुवातीस ‘फिंगस्टन’ सणाची दोन आठवडे सुट्टी असते, आणि ऑगस्ट महिना संपूर्ण मोकळा असतो. लग्नाची तारीख अजून पक्की व्हायची असेल तर पंचांगासोबत तिकडच्या शाळेचे वेळापत्रकही समोर ठेवावे. शक्य झाल्यास श्रावणात बोलवा; मंगळागौर, नागपंचमी आणि राखी मुलांना पाहायला मिळेल.

प्रश्न : उदगीरहून लिहीत आहे. माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली आहे; नीटमध्ये मात्र गुण कमी पडले. जर्मनीत नर्सिंगचे शिक्षण पगारासह मिळते, असे सांगून एका संस्थेने ‘सीट पक्की करण्यासाठी’ साडेचार लाख रुपये मागितले आहेत. शेती विकायची की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : शेती विकू नका. बाकीचे सविस्तर सांगतो.

संस्थेने सांगितलेले अर्धे खरे आहे आणि ते अर्धे समजून घेण्यासारखे आहे. जर्मनीत व्यावसायिक शिक्षणाला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. विद्यार्थी आधी कारखान्याशी, दुकानाशी किंवा रुग्णालयाशी करार करतो, आठवड्यातील काही दिवस तेथे काम शिकतो, उरलेले दिवस व्यावसायिक शाळेत जातो आणि या काळात त्याला वेतन मिळते. मान्यताप्राप्त व्यवसायांची संख्या सव्वातीनशेच्या घरात आहे आणि मुदत साधारणपणे दोन ते साडेतीन वर्षांची असते. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेला कुणी आपल्या गावात असेल तर यंत्रावर उभे राहून शिकण्याची ही रीत तो आपल्याला अधिक चांगली समजावून देईल. तेथे हे शिक्षण नापासांसाठी मानले जात नाही. आबिटूर झालेली मुलेही बँकेत किंवा प्रयोगशाळेत आउसबिल्डुंग करतात.

परिचर्येचे, म्हणजे नर्सिंगचे, शिक्षण २०२० पासून नव्या कायद्याखाली चालते. ते तीन वर्षांचे असून त्यात किमान २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. शाळेला फी घेण्यास कायद्याने बंदी आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारानुसार पहिल्या वर्षीच महिना १,३०० युरोंहून अधिक विद्यावेतन मिळते, त्यातून कर आणि विमा वजा होतो. दहा वर्षांचे शालेय शिक्षण ही पात्रता आहे. आपल्या मुलीची बारावी झालेली असल्याने ती अडसर ठरू नये. अडसर आहे तो भाषेचा. बी-१ पातळी किमान लागते आणि बहुतेक रुग्णालये बी-२ मागतात, कारण रुग्ण म्हातारा असतो, त्याची बोली वेगळी असते, आणि औषधाची मात्रा ऐकताना चूक चालत नाही.

म्हणजे ‘सीट’ नावाची वस्तू मुळात अस्तित्वातच नाही. रुग्णालय आपल्या मुलीची मुलाखत घेते, पसंत पडल्यास तिच्याशी लेखी करार करते, आणि त्या करारावर व्हिसा मिळतो. विकत घेण्यासारखे यात काही नाही. खर्च आहे तो भाषेच्या वर्गाचा, परीक्षेचा, कागदपत्रांच्या भाषांतराचा, व्हिसाचा आणि तिकिटाचा. परीक्षेसाठी पुण्याचे मॅक्स म्युलर भवन हे खात्रीचे ठिकाण आहे.

दलालाशी बोलायचेच असेल तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. करार कोणत्या रुग्णालयाशी आहे, आणि त्या रुग्णालयाच्या कार्यालयाशी मुलगी स्वतः बोलू शकेल का? दुसरे, परदेशी नोकरभरती करणाऱ्यांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्यांचे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक कर यापुढे जाऊ शकत नाही. त्याची नोंदणी कुठे आहे? ‘आम्ही नोकरी नव्हे, शिक्षण देतो’ असे उत्तर मिळाले तर तेथूनच परत फिरावे. महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, हे खरे आहे, पण त्या कराराचे कात्रण दाखवून कुणी पैसे मागत असेल तर तो करार म्हणजे आपल्या मुलीचा करार नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. जर्मन सरकारचे ‘मेक इट इन जर्मनी’ हे संकेतस्थळ आणि तेथील रोजगार संस्थेचे आउसबिल्डुंगच्या जागांचे पोर्टल दोन्ही मोफत आहेत. मुलीने वर्षभर मनापासून जर्मन करावे, बी-१ च्या निकालानंतर स्वतः अर्ज पाठवावेत. आणि एक गोष्ट तिलाच विचारा, आम्हाला नको: अंथरुणावरच्या माणसाची स्वच्छता करणे, त्याला उठवणे-बसवणे हे काम तिला करायचे आहे का? नीट हुकली म्हणून नर्सिंग, असे असेल तर परक्या देशात तिसऱ्या महिन्यातच ती मोडून पडेल.

प्रश्न : परभणीचा विद्यार्थी आहे. बारावीनंतर थेट जर्मनीत अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो का? तेथे शिक्षण फुकट असते, असे ऐकले.

उत्तर : केवळ बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही, कारण आपली बारावी तेथील आबिटूरच्या बरोबरीची धरली जात नाही. तीन मार्ग आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास तांत्रिक विषयांना अर्ज करता येतो. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष पूर्ण केल्यास त्याच शाखेत अर्ज करता येतो. अन्यथा ‘श्टुडियनकोलेग’ नावाचा वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून त्याची परीक्षा द्यावी लागते, आणि तोही जर्मन भाषेत असतो. माझ्या मते दुसरा मार्ग आपल्यासाठी सर्वांत कमी जोखमीचा आहे, कारण काही जमले नाही तर येथील पदवी चालूच राहते.

फुकट म्हणाल तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशी फी सुरू केली आहे. राहण्या-खाण्याच्या खर्चापोटी व्हिसाआधी एका खात्यात ११,९०४ युरो गोठवून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, तो वेळोवेळी वाढतो. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल हातात येताच त्याचा अर्ज करावा, आणि गुणपत्रिकेवरील, पारपत्रावरील व आधारवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे की नाही, हे त्याआधी तपासून घ्यावे.